वेडावून, टोचून, हिणवून: इंग्रजी वाक्यवहीच्या चौथ्या प्रकरणाच्या नोंदी

2 जून 2025

इंग्रजीच्या वर्गासाठी मुलांना घेऊन वाक्यांची वही करतोय; त्या वाक्यवहीचं चौथं प्रकरण आज उघडलं. हिणवून, टोचून, वेडावून बोललेलं इंग्रजीत कसं सांगायचं हा विषय. म्हणजे मॉकिंगली, सार्कॅस्टिकली, टॉन्टिंगली, डिरायसिव्हली ही क्रियाविशेषणं आणि त्यांची वाक्यं.

खरं तर हे यादीत नव्हतं. घर, प्रवास आणि मुलाखत ही तीन प्रकरणं झाल्यावर पत्रलेखन घ्यायचं ठरलं होतं. पण गेल्या आठवड्यात एक जुना विद्यार्थी अभ्यासिकेत भेटायला आला. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला दोन वर्षं येत होता, आता पुण्यात नोकरीला आहे. त्याने एक प्रसंग सांगितला. सुट्टीत गावाकडून काम करत होता, लाइट गेली, ऑनलाइन मीटिंगला सात मिनिटं उशीर झाला. जोडला गेल्यावर साहेब म्हणाले, 'थँक यू फॉर जॉइनिंग अस.' हा म्हणाला, 'यू आर वेलकम, सर.' सगळे हसले. का हसले ते त्याला दुसऱ्या दिवशी एका सहकारी मुलीने समजावलं. तोपर्यंत रात्रभर हा विचार करत होता, की आपलं व्याकरण कुठे चुकलं.

व्याकरण कुठेच चुकलं नव्हतं. प्रत्येक शब्द त्याला कळला होता. मला ते ऐकून फार लागलं. दोन वर्षं काळ शिकवले, शब्द शिकवले, सूर शिकवायचा राहून गेला.

कामाची पद्धत आधीसारखीच. इंग्रजी वाक्यं वहीत देवनागरीतच लिहायची, कारण आमच्या मुलांचं अडतं ते उच्चारापाशी. स्पेलिंगचा तक्ता शेवटी वेगळा. वाक्यं मुलांनी आणायची, मी आणि शाळेतल्या सहकारी मॅडम निवडणार.

5 जून

पहिल्या दिवशीच एक गाठ लागली. 'मॉक' म्हटल्यावर काय आठवतं, असं विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर: मॉक टेस्ट. एकाने मॉक ड्रिल सांगितलं, शाळेत आग विझवायची झाली होती ती. म्हणजे यांच्या डोक्यात मॉक म्हणजे सराव. मग 'ही सेड मॉकिंगली' याचा अर्थ 'तो सराव म्हणून म्हणाला' असा एका मुलाने लावला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला माहीत असलेल्या अर्थावरून तो बरोबर चालला होता.

मी घरी येऊन यावर बराच वेळ बसले. मॉक टेस्ट म्हणजे खऱ्या परीक्षेची नक्कल. मॉकिंगबर्ड हा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो. आणि माणूस दुसऱ्याच्या बोलण्याची, चालण्याची नक्कल त्याला खिजवण्यासाठी करतो, तेही मॉकिंगच. नकलेपासून टवाळीपर्यंत एकच शब्द गेलाय. आपल्याकडे नेमका असाच शब्द आहे: वेडावणे. 'मला वेडावू नकोस' असं पोर म्हणतं तेव्हा त्यात नक्कलही असते आणि हिणवणंही. रोजच्या बोलण्यातल्या दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात मला ही दोन्ही एकत्र सापडत नाहीत. उपहासात नक्कल नाही, नकलेत खिजवणं असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त एवढंच सांगितलं: मॉकिंगली म्हणजे वेडावून. तो मुलगा लगेच म्हणाला, 'मग ताई, मॉक टेस्ट म्हणजे परीक्षेला वेडावून दाखवायचं!' वर्ग हसला, पण शब्द बसला. पुढच्या वाक्यात कुणी चुकलं नाही.

सरावाच्या पुस्तकांत या शब्दापुढे 'उपहासात्मकपणे' छापलेलं असतं. उपहासात्मकपणे असं आजवर कुणी कुणाला बोललेलं मी ऐकलेलं नाही. मराठीत हे काम '-पणे'पेक्षा '-त' आणि '-ऊन' चांगलं करतात: चिडवत, डिवचत, हिणवत, वेडावून, टोचून. इंग्रजीतही मॉक, टॉन्ट, जीअर या क्रियापदांना 'इंग' लागून मग 'ली' लागलाय, म्हणजे आत क्रिया जिवंत आहे. तिला मराठीतही क्रियाच द्यावी. वहीत तसंच करायचं ठरवलं.

11 जून

आजचा वर्ग या प्रकरणाचा कणा ठरेल असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येकाला सांगितलं, घरी ऐकलेलं एक टोचरं वाक्य मराठीत लिहा. शब्दशः, जसं ऐकलं तसं. पाच मिनिटांत बारा चिठ्ठ्या आल्या. काही इथे उतरवून ठेवते:

'उठलात का राजे?'
'हा म्हणे इंजिनिअर होणार!'
'मोठी आलीय शहाणी.'
'आलात? या, बसा. चहा ठेवू का?'

शेवटची चिठ्ठी एका मुलाची. मित्रांबरोबर कबड्डीचे सामने बघून रात्री साडेअकराला घरी आला, आई दारातच उभी होती. वर्गातल्या प्रत्येकाला वाचताक्षणी कळलं, की आई चिडलेली आहे. कुणी सांगावं लागलं नाही. मी विचारलं, कशावरून कळलं? थोडा वेळ शांतता. मग मागून उत्तर आलं, 'आई मुलाला अहो-जाहो कशाला करेल?'

बरोबर. सगळा राग त्या 'आलात'मध्ये आहे. घरी 'तू' असलेल्याला 'तुम्ही' केलं, की मराठीत ओरखडा उठतो. 'म्हणे' तर त्याहून धारदार. 'हा इंजिनिअर होणार' ही बातमी आहे, 'हा म्हणे इंजिनिअर होणार' ही टर आहे, आणि फरक दोन अक्षरांचा. 'मोठी आलीय'मधल्या 'मोठी'चा मोठेपणाशी काही संबंध नाही. आपण सूर वाक्याच्या आतच शिवून टाकतो.

मग फळ्यावर आईचं वाक्य इंग्रजीत लिहिलं: 'यू आर होम. कम, सिट. शुड आय मेक सम टी?' आणि विचारलं, ही आई कशी आहे? एक मुलगी म्हणाली, 'प्रेमळ.' सगळ्यांनाच तसं वाटलं. 'तू' आणि 'तुम्ही' दोघांनाही 'यू' असल्यामुळे आईचा सगळा राग भाषांतरात गळून गेला. समोर असती तर तिच्या आवाजातून कळला असता, पण कागदाला आवाज नसतो. तो आणायला इंग्रजी लेखक अवतरणाबाहेर एक शब्द ठेवतो: 'शुड आय मेक सम टी?' हिज मदर आस्क्ड सार्कॅस्टिकली.

एवढा एक शब्द आल्यावर दारातली आई परत दिसायला लागली. मुलांना ते दिसलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

यातूनच निवडीची कसोटीही मिळाली. अवतरणातले शब्द सरळ अर्थाने वाचता येत असतील, कौतुकाचे, आभाराचे, पाहुणचाराचे वाटत असतील, तर बाहेरचं क्रियाविशेषण कामाचं. शब्दच शिवीसारखे असतील तर ते फुकट जातं. 'यू आर अ फूल,' ही सेड मॉकिंगली, यातलं मॉकिंगली पुसून बघा, काही बिघडत नाही. 'व्हॉट अ जीनियस,' ही सेड मॉकिंगली, यातलं पुसा, आणि अर्थ उलटा होतो. वहीत दुसऱ्या जातीचीच वाक्यं घ्यायची.

12 जून

स्पेलिंगचा तक्ता सुरू केला. 'सार्कॅस्टिक'ला नुसता एल-वाय जोडून बाराजणांपैकी बहुतेकांनी चूक केली. इंग्रजीत आय-सी ने संपणाऱ्या विशेषणांना ए-एल-एल-वाय लागतं. नेहमीच्या शब्दांत पब्लिक तेवढा अपवाद, त्याला नुसता एल-वाय. चूक होते ती ऐकण्यामुळे: उच्चार सार्-कॅस्-टिक्-ली असा चारच तुकड्यांचा, मधला 'अल' कुणी उच्चारत नाही. आयरॉनिकलीचंही तेच.

'फसीशसली' या शब्दाचं स्पेलिंग मुलांना फार आवडलं. त्यात इंग्रजीचे स्वर ए, ई, आय, ओ, यू क्रमाने येतात आणि शेवटी वायसुद्धा. अर्थ: जिथे गंभीर राहायला हवं तिथे थट्टेच्या सुरात. स्पेलिंग आता कुणी विसरणार नाही.

19 जून

शब्द वाक्यात कुठे ठेवायचा यावर दीड तास गेला. तिन्ही जागा चालतात: शी सेड मॉकिंगली, शी मॉकिंगली सेड, मॉकिंगली, शी सेड. पण पहिली जागा नैसर्गिक. आधी बोललेले शब्द, मग कोण बोललं, मग कसं. वाचणारा आधी शब्द सरळ वाचतो आणि शेवटी त्याला धक्का बसतो, हे ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतं. सुरुवातीला ठेवलं की गुपित आधीच फुटतं.

आयरॉनिकली मात्र जागा बदलल्यावर अर्थच बदलतो, हे वहीत ठळक करायला हवं. 'लव्हली वेदर,' ही सेड आयरॉनिकली: इथे बोलणारा उपरोधाने बोलतोय. आयरॉनिकली, ही सेड द वेदर वॉज लव्हली: इथे बोलणारा अगदी सरळ आहे, विपरीत घडलंय ते परिस्थितीत. असं वाक्य सुरू करणारं आयरॉनिकली म्हणजे आपलं 'दैवाचा खेळ बघा' किंवा 'विचित्र म्हणजे'. मुलांनी यावर चांगलं उदाहरण आणलं: पाणीटंचाईवरची सभा पावसामुळे रद्द झाली. आयरॉनिकली, द मीटिंग अबाउट वॉटर शॉर्टेज वॉज कॅन्सल्ड बिकॉज ऑफ रेन. इथे कुणी कुणाला टोचत नाही. सार्कॅस्टिकली अशा जागी बसणारच नाही, कारण टोचायला माणूस लागतो.

27 जून

आज वर्ग नव्हता, शब्दांची मुळं बघत बसले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते, ती उघडी ठेवलेलीच असते. पण आज भलतीकडेच वाहवत गेले आणि जे हाती लागलं ते मुलांना सांगायलाच हवं.

सार्कॅझमचं मूळ ग्रीक. सार्क्स म्हणजे मांस, आणि त्यावरून आलेल्या क्रियापदाचा अर्थ मांस फाडणे, कुत्र्यासारखा लचका तोडणे. आपणही म्हणतो, बोलून लचके तोडले.

त्यावरून चार्ल्स डार्विनचं माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरचं 1872 चं पुस्तक आठवलं. तुच्छतेने हसणारा माणूस वरचा ओठ एका बाजूला उचलून सुळा उघडा करतो, हे त्यात नोंदवलंय आणि दात विचकणाऱ्या प्राण्यांशी त्याचं नातं जोडलंय. इंग्रजी 'स्नीअर' तो हाच. म्हणजे स्नीअरिंगली बोलणं हे तोंडाचं काम नंतर, आधी ओठाचं.

आणि मग नाट्यशास्त्र. भरताने हास्याचे सहा प्रकार केलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यातल्या उपहसिताचं वर्णन असं: नाकपुड्या फुललेल्या, नजर वाकडी, खांदे आणि मान झुकलेली. आपला 'उपहास' आणि हे 'उपहसित' एकाच धातूचे. नाक फुगवून तिरक्या नजरेने हसणारा माणूस मी लग्नाच्या मांडवात शंभरदा पाहिलाय. आपण त्याला नाक मुरडणं म्हणतो. ग्रीकांचे दात, डार्विनचा सुळा, भरताची नाकपुडी, सगळ्यांनी तोच चेहरा बघितला.

संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकू' अशीही एक संज्ञा आहे. नात्यातली काकू नव्हे; काकू म्हणजे आवाजाचा हेल, ज्याने शब्द तेच राहून अर्थ फिरतो. साहित्यशास्त्रकार मम्मटाने वक्रोक्तीचे, म्हणजे बोललेल्या शब्दांतून दुसराच अर्थ काढण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेषाने होणारी आणि एक काकूने होणारी. आईचा 'चहा ठेवू का' ही काकूच. मला वाटतं, सार्कॅस्टिकली हा शब्द म्हणजे कागदावर लिहिलेली काकू. मुलांना असंच सांगणार आहे.

6 जुलै

आषाढी. वर्ग बंद.

घरी बसून एक छोटी नोंद केली. लिहिलेल्या टोचणीला खूण हवी ही गरज बऱ्याच जणांना वाटलेली आहे. 1899 मध्ये अल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने उपरोधासाठी वेगळं विरामचिन्हच सुचवलं, उलट्या प्रश्नचिन्हासारखं दिसणारं. ते रुळलं नाही. आज फोनवर इंग्रजी लिहिणारी मंडळी वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि एस हे अक्षर टाकतात, म्हणजे 'हे टोचून म्हटलंय हं'. मुलांना ही खूण माहीत होती, पण ती कशाची हे माहीत नव्हतं.

10 जुलै

सगळ्या शब्दांना मराठीतली जागा लावून दिली. काही चटकन बसले, काहींवर वाद झाला.

टॉन्टिंगली: डिवचत. यावर वाद नाही, कारण कबड्डीतून थेट मिळालं. चढाईला आलेल्याला पकडणारा गडी मांडीवर थाप मारून म्हणतो, 'ये की, लाव हात.' कम अँड टच मी, ही सेड टॉन्टिंगली. टॉन्टमध्ये समोरच्याने चिडून काहीतरी करावं ही अपेक्षा असते. मॉकिंगलीत तशी अट नाही. डिवचणं तंतोतंत तेच.

जीअरिंगली: हुर्यो उडवत. हा एकट्यादुकट्याचा शब्द नव्हे, गर्दीचा आणि मोठ्या आवाजाचा. खोलीत दोघं असताना जीअरिंगली वापरलेली तीन वाक्यं बाद केली.

डिरायसिव्हलीच्या पोटात लॅटिनमधलं हसणं आहे, त्यामुळे तो 'लाफ्ड' आणि 'स्नॉर्टेड'बरोबर जास्त शोभतो. मराठीत हेटाळणीने, किंवा फिस्सकन हसून. स्कॉर्नफुलीत हसणं असेलच असं नाही, तुच्छता पुरते.

टीझिंगली मुद्दाम घेतला, कारण मुलांना तो आणि मॉकिंगली एकच वाटत होते. लग्नात नवरीने उखाणा घेताना अडखळल्यावर नणंद म्हणते, 'वहिनी, रात्रभर पाठ केला होता ना?' ही थट्टा लाडाची आहे, वहिनीही हसते. तेच वाक्य वाईटावर असलेल्या माणसाने म्हटलं तर मॉकिंगली. वाक्य एकच, नातं बदललं की क्रियाविशेषण बदललं. हे उदाहरण दोन्ही शब्दांसह जोडीने छापायचं.

'लेकी बोले सुने लागे'ला काय, असा प्रश्न एका मुलीने विचारला. बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला. तासभर शोधूनही याला पुरेसा शब्द मिळाला नाही. जवळचा पॉइंटेडली, म्हणजे रोख ठेवून. 'सम पीपल नेव्हर वॉश देअर कप्स,' शी सेड पॉइंटेडली. रोख कळतो, पण मधली लेक हरवते. वहीत तशी टीप दिली.

15 जुलै

सहकारी मॅडमनी प्रकरणाचा अर्धा मसुदा वाचून हरकत घेतली. चांगले इंग्रजी लेखक 'सेड'ला क्रियाविशेषण जोडणं टाळतात, आपण मुलांना तेच कसं शिकवायचं? हरकत योग्य आहे. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी 2001 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम दिले होते, त्यात 'सेड'ला क्रियाविशेषण लावू नये हा एक आहे.

आम्ही दोघी बराच वेळ बोललो. मॅडमचं म्हणणं, क्रियापदच बदलावं: शी मॉक्ड, शी टॉन्टेड, ही स्नीअर्ड. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये पहिल्या राजांच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, संदेष्टा एलिया बआल या देवाच्या संदेष्ट्यांना म्हणतो, मोठ्याने ओरडा, तो देव आहे ना, बोलण्यात गुंतला असेल किंवा प्रवासाला गेला असेल. तिथे क्रियाविशेषण नाही. 'एलिया मॉक्ड देम अँड सेड' एवढंच आहे, आणि पुरतं.

माझं मत असं झालं: आमची मुलं अजून कादंबरी लिहीत नाहीत. वाचताना आणि ऐकताना सूर ओळखणं ही त्यांची आजची गरज आहे, आणि त्यासाठी हे शब्द ओळखीचे हवेत. पण लिहिताना कसोटी कडक हवी, आणि ती 11 जूनचीच: शब्द सरळ वाचले जाण्याचा धोका असेल तरच. मॅडमना हे पटलं. त्यांच्या सांगण्यावरून क्रियापदांचं एक पान वाढवलं.

22 जुलै

आज एक चिठ्ठी आली, तिच्यामुळे सगळं काम थांबवून बसले.

बारावीतली एक मुलगी आहे. वाचन अतिशय सुरेख, पण तोंडातल्या तोंडात. मोठ्याने वाच म्हटलं की पाणी प्यायला जाते. तिच्या चिठ्ठीत एवढंच होतं: 'व्हेजि-टेबल,' ही रिपीटेड मॉकिंगली.

वर्ग सुटल्यावर थांबवून विचारलं. गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या लग्नात, पंगतीत, ती शहरातल्या चुलत भावंडांशी हौसेने इंग्रजीत बोलत होती. व्हेजिटेबल हा शब्द तिने लिहिल्यासारखा उच्चारला, शेवटी स्पष्ट 'टेबल'. भावाच्या मित्राने तो शब्द तसाच लांबवून परत म्हटला आणि पंगतीतल्या पत्रावळीखालच्या सतरंजीकडे बोट दाखवून विचारलं, कुठाय टेबल? वर्गाबाहेर तिने त्यानंतर इंग्रजीचा एक शब्द काढलेला नाही.

मी तिला आधी हे सांगितलं, की तिचं वाचन अक्षरांना धरून होतं. बोलताना इंग्रजांनीच मधला स्वर गिळला आणि व्हेज्-ट-बल् असे तीन तुकडे उरले. अक्षरं मात्र जुनीच ठेवली. कम्फर्टेबलचंही तेच: शेवटी 'टबल', टेबल नाही. जो अक्षरावर विश्वास ठेवेल तो तिथे अडखळणारच. हे तिला वर्षभरात कुणीही सांगितलं नव्हतं.

नंतर वाक्याकडे बघत राहिले. या वहीत आलेल्या सगळ्या वाक्यांत ते सर्वांत नेमकं आहे. बोलणाऱ्याने नवा शब्द उच्चारलेलाच नाही, समोरचीचाच शब्द परत म्हटलाय. अक्षरं तीच. सगळं विष एका क्रियाविशेषणात आहे. आणि 'रिपीटेड मॉकिंगली' म्हणजे अक्षरशः वेडावून दाखवलं, 5 जूनला शोधत होते तो अर्थ जसाच्या तसा.

पण ती तिची जखम आहे. छापलं तर वर्गात रोज वाचलं जाणार. तिला म्हटलं, शब्द बदलून घेऊ, दुसरा कुठलाही घेऊ. दोन दिवस विचार कर.

24 जुलै

ती आज स्वतःहून लवकर आली. म्हणाली, 'ताई, शब्द बदलू नका. वाक्य माझं आहे.'

28 जुलै

निवड पक्की केली. चौऱ्याहत्तर चिठ्ठ्यांतून छत्तीस वाक्यं. बाद केलेल्यांत काही भाषेच्या दृष्टीने निर्दोष होती, पण कुणाच्या रंगावर, तोतरेपणावर, घरच्या धंद्यावर बोट ठेवणारी. शिकवण्याच्या नावाखाली ती मुलांकडून वीस वेळा वदवून घेणं मला मान्य नाही. व्हेजिटेबलचं वाक्य राहिलं, कारण ते ज्याला लागलं त्यानेच दिलंय.

पुण्याच्या मुलाचं वाक्य पहिल्या क्रमांकावर: 'थँक यू फॉर जॉइनिंग अस,' द मॅनेजर सेड सार्कॅस्टिकली. खाली उत्तरही दिलं, कारण नुसतं ओळखून भागत नाही: 'सॉरी आय एम लेट. द पॉवर वॉज आउट.' एवढंच म्हणायचं आणि कामाला लागायचं. त्याला फोन करून विचारलं, हे वाक्य तूच ध्वनिमुद्रित करशील का? म्हणाला, 'ताई, दोन्ही सुरांत पाठवतो.' रात्री दोन फिती आल्या. पहिलीत खरे आभार, दुसरीत 'जॉइनिंग'वर जरासा जोर आणि शेवट ओढलेला, बाकी काही नाही. सलग तीनदा ऐकल्या. तो आता कुठेही फसणार नाही.

4 ऑगस्ट

ध्वनिमुद्रण. अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत दारं-खिडक्या लावून, भिंतीला गाद्या टेकवून, फोन पुस्तकांच्या चळतीवर. बाहेर पाऊस, त्यामुळे दोनदा थांबावं लागलं. प्रत्येक वाक्यातले अवतरणातले शब्द दोनदा वाचायचे: आधी सरळ, मग क्रियाविशेषणात सांगितलेल्या सुरात. नणंदेचं वाक्य थट्टेत आणि कुत्सित, दोन्हीकडून वाचताना वाचणाऱ्या मुलीला स्वतःलाच फरक जाणवला. कुत्सित म्हणताना आपोआप नाक वर गेलं म्हणाली. भरताची नाकपुडी.

एकतिसाव्या वाक्याला ती मुलगी उभी राहिली. सरळ सुरातलं व्हेज्टबल एका दमात, बाजारात भाजी मागितल्यासारखं. दुसऱ्या सुराला अडखळली. पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी तिने ते त्या मित्राच्या आवाजात म्हटलं, लांबवून, टेबलवर जोर देऊन, आणि पुढचं 'ही रिपीटेड मॉकिंगली' तिच्या स्वतःच्या आवाजात, खणखणीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. गाद्यांमागे बसलेली पोरं एकदम गप्प झाली होती.

तिसरी फीत ठेवली. तिला नाव दिलं: 31, वेडावून. वहीच्या चाळीस प्रती उद्या सकाळी झेरॉक्सला.